मागावरचं बोलणं

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसानं सोलापुरात लग्नाला जाऊ नये. जेवायला बसलं की शेजारच्या खुर्चीवरचे कुणीतरी काका पहिल्या घासालाच सुरू करतात, "काय गं, तुमच्या त्या मोबाइलनं पोरं बिघडली की." जणू मोबाइल मीच घरी पापडासारखे लाटून विकते. त्यांच्या पलीकडचे विचारतात, "एआय आलंय म्हणं. तुमच्या नोकऱ्या जाणार व्हय आता?" हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी थोडी आणि समाधान जास्त दिसतं. पूर्वी मी वाद घालायचे. आता वाढप्याला हाक मारते आणि जिलेबी मागून घेते.

मतं मात्र माझीही आहेत, आणि ती पंगतीत मावत नाहीत. मशीन माणसाला माणसापासून तोडतं, हे मला अर्धंच खरं वाटतं. कुठलं मशीन, ते कुणी बनवलं, आणि बनवताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, यावर बाकीचं अर्धं ठरतं. हे मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या आवाजात मला हे कळलं.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते यंत्रमागावर टॉवेल विणायचे. तरुणपणी जेऊरच्या बाजूचं गाव सोडून ते सोलापुरात आले आणि पूर्व भागातल्या एका कारखान्यात मागापुढे उभे राहिले, ते गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. कारखाना म्हणजे पत्र्याचं छत, आत दाटीवाटीनं लावलेले माग आणि कानठळ्या बसवणारी खटखट. आईसुद्धा तिथेच कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. हातमाग मागे पडले, यंत्रमाग आले, मग स्वतःच चालणारे परदेशी माग आले, हे सगळं अण्णांनी उभ्या उभ्या पाहिलं. त्यामुळे एआयबद्दल मी विचारलं तेव्हा ते काही दचकले नाहीत. म्हणाले, "मशीनला काय कळतंय? चालवणाऱ्याला कळाय पायजे की." आणि परत टीव्ही बघायला लागले.

त्यानंतर काही महिन्यांत त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. ऑपरेशनला आत नेण्याआधी अण्णा आपल्या आवाजात माझ्याशी शेवटचं काय बोलले, सांगू? "मोरीतल्या नळाचा वायसर बदलून घ्या." मी काहीतरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून जीव कानात गोळा करून उभी होते.

मी पुण्याला शिकायला गेले तेव्हापासून रोज संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. विषय काही नसायचा. काय खाल्लं, तिकडं ऊन किती, हितं ऊन किती. ऊन नेहमी आमचंच जास्त असायचं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. फोन बऱ्याचदा एकाच वाक्यावर संपायचा, "पानी आलंय, ठिवतो." आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्याच्या वेळेचा भरवसा नसतो. ते आलं की लग्नाची बोलणी चालू असोत नाहीतर पाहुण्यांची चौकशी, सोलापूरचा माणूस फोन ठेवून नळाकडे पळतो. समोरच्याला राग येत नाही, कारण तोही पळत असतो.

ऑपरेशननंतर माझी भीती अगदी साधी होती. अण्णा माझ्याशी परत कधी बोलतील का? आमचं नातं सगळं त्या संध्याकाळच्या फोनवर उभं होतं. त्यांच्यासमोर बसून मी काय करायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ऑफिसला सांगून मी लॅपटॉपसकट घरी आले आणि ठरवलं की आवाज मीच परत आणणार. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही खोडच असते, दुखणं दिसलं की आम्ही ॲप काढायला बसतो. दवाखान्यातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून नुसती घरघर यायची. अण्णांनी ते दोन-चारदा लावलं आणि कपाटावर ठेवून दिलं. लिहून सांगा म्हटलं तर त्यांना शाळा आठवायची, आणि शाळेशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. मग मी फोनमध्ये मोठी मोठी बटणं केली. बटण दाबलं की फोन बोलणार. अण्णांनी पहिलं बटण दाबलं, आणि बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात फोन म्हणाला, "कृपया मला पाणी द्या." आई स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर आली. तिला वाटलं, कुणी पाव्हणं आलंय.

चूक माझी होती, हे कबूल. आमच्या घरात "कृपया" कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मी वाक्यं बदलली, "पानी आण गं" असं लिहिलं, तर तो बातम्यावाला तेही बातमीसारखंच वाचायला लागला. "लई उकडतंय की" हे त्यानं असं म्हटलं, जणू मंत्रिमंडळात ठरलंय. अण्णांनी फोन पालथा घातला.

हल्ली जुन्या रेकॉर्डिंगवरून माणसाचा आवाज बनवता येतो. म्हटलं, तेही करून बघू. लग्नांच्या व्हिडिओत अण्णा होते, पण आवाज बँडचा होता. वाढदिवसाच्या व्हिडिओत बाकीचे ओरडत होते आणि अण्णा मागे उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या फोनमध्ये त्यांचा एकुलता एक व्हॉइस मेसेज निघाला, तोही बहुतेक चुकून बटण दाबलं गेल्यामुळे. "ए पोरी, पानी आलंय, ठिवतो." एवढ्याशा तुकड्यावरून मी आवाज बनवला. तो थोडा अण्णांसारखा होता आणि बोलणं कुणा परक्याचं. मी तो अर्ध्यातच बंद केला. अण्णांना मी ते ऐकवलं नाही, पुसून टाकलं. मूळ मेसेज मात्र ठेवला. तो ऐकून मी रडायचे आणि मग चिडायचे, कुणावर ते कळायचं नाही.

अण्णा दिवसभर दारापुढच्या ओट्यावर बसायला लागले. सुरुवातीला मी जवळ गेले की त्यांचे ओठ हलायचे. मी म्हणायचे, "थांबा अण्णा, थांबा," आणि धावत जाऊन फोन आणून त्यांच्या हातात द्यायचे. ते फोनकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि रस्त्याकडे तोंड करायचे. हळूहळू ओठ हलायचेही बंद झाले. मी आईला म्हटलं, "अण्णा खचलेत गं. कुणाला तरी दाखवू या."

"कुटं खचल्यात?" आई म्हणाली. "आत्ता तर म्हनलं मला, उद्याच्याला कडक भाकरी कर म्हणून."

मला वाटलं, इतक्या वर्षांचा संसार आहे, ती अंदाजानं ओळखत असेल.

मग एका दुपारी भिवंडीहून व्हिडिओ कॉल आला. अण्णांच्या शेजारच्या मागावर एक काका होते. घरी तेलुगू बोलणारे, बाहेर आमच्याइतकंच मराठी बोलणारे. म्हातारपणी ते मुलाकडे भिवंडीला राहायला गेले. ऑपरेशननंतर त्यांनी एकदोनदा साधा फोन केला होता, पण अण्णा त्यावर काय बोलणार? आईनंच ख्यालीखुशाली सांगून फोन ठेवला. त्या दुपारी काकांच्या सुनेनं त्यांना व्हिडिओ लावून दिला. आईनं आमच्याकडचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून अण्णांसमोर ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली.

मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपवून बाहेर आले तर अण्णा डब्यासमोर मांडी घालून बसलेले, पडद्यावर काका, दोघांची तोंडं भराभरा हलतायत, हात चाललेत, आणि आवाजाचा पत्ता नाही. माझ्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. "काका, तुमचा आवाज येत नाहीये! म्यूट झालंय तुमचं! खाली माइकचं चित्र आहे बघा, ते दाबा!" मी वाकून आमच्या फोनचा आवाज वाढवला, ब्लूटूथ बघितलं, नेट बघितलं. दोघंही बोलायचे थांबले. काकांनी जेवताना माशी हाकलतात तसा हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माइक चालूच हाय पोरी. तू बाजूला हो. तुझ्या डोक्यापायी त्येंचं तोंड दिसंना झालंय."

मी बाजूला झाले. ते परत सुरू झाले.

काकांना आवाज होता, तरी ते तो वापरत नव्हते. मी भिंतीला टेकून बघत राहिले. अण्णांनी दोन बोटं मोडल्यासारखी केली, काकांनी कपाळावर हात मारला, आणि अण्णा हसले. आवाज न येता, खांदे गदागदा हलवून. ऑपरेशननंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. मला इतका आनंद झाला आणि त्याच वेळी इतका राग आला की मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

"हे काय चाललंय?" मी आईला विचारलं.

"बोलत्यात की," आई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. मागाच्या खटखटीत कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून कारखान्यात सगळे ओठांवरून बोलायचे. कुणी घरी तेलुगू बोलायचं, कुणी कन्नड, कुणी दखनी, आम्ही मराठी. आत शिरलं की सगळ्यांची एकच भाषा. तोंड मोठं करून, शब्द सुटे सुटे ओठांवर ठेवून बोलायचं, आणि जोडीला हात. दोन बोटं मोडली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मालक आला, मालकाला मिशी नसली तरी. "सा सा मागांपल्याडच्या बाईला मी भाजी काय केली त्ये इचारायची," आई म्हणाली. "आवाज कशाला लागतोय?"

"मग अण्णा माझ्याशी का बोलत नाहीत?"

आईनं पीठ मळायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "ते बोलत्यात गं. तूच फोन म्होरं करतीस."

हे वाक्य मला आजही टोचतं. पण मी रडत बसणाऱ्यांतली नाही. त्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं, "शिकव मला."

शेंगदाण्याची चटणी उखळातच कुटायची, मिक्सरला लावायची नाही, असा आईचा कायदा आहे. माझ्यासाठी तिनं तो मोडला. मिक्सर लावायची आणि त्याच्या घरघरीत माझ्याशी बोलायची, म्हणजे मला ऐकू येणार नाही आणि ओठ बघावेच लागतील. चटणीची पार पावडर व्हायची, आणि अण्णा ती बोटावर घेऊन आईकडे बघायचे. माझं शिकणं म्हणजे करमणूकच होती. ओठांवर प, ब, भ आणि म सारखेच दिसतात. त्यामुळे अण्णा 'भाजी' म्हणायचे, मी 'माझी' वाचायचे आणि माझ्याबद्दल उत्तर द्यायचे. म्हणूनच जोडीला हात असतो. आम्ही सॉफ्टवेअरवालेही फायली पाठवताना, वाटेत काही बिघडलं तर कळावं म्हणून जादा खूण पाठवतो. हे मी अण्णांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी ओठ हलवले, हात हलवला. मी आईकडे पाहिलं.

"ते म्हनत्यात, लई बोलू नको, ओठाकडं बग," आई म्हणाली.

एकदा मीटिंग चालू असताना अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. पडद्यावर आमच्या टीममधला पुण्याचा एक मुलगा म्यूटवर असताना काहीतरी पुटपुटला. अण्णांचे खांदे हलायला लागले. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला तीनदा सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं. तो म्हणाला होता, "हा साहेब जेवायला कधी सोडणार?" मी त्या मुलाला फोन करून सांगितलं की म्यूटवर जरा जपून बोलत जा. त्यानं विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, आमच्याकडे प्रगत तंत्रज्ञान आहे.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मी आता ऑफिसातही भांडून सांगते. व्हिडिओ कॉल बनवणाऱ्यांचा एक नियम असतो. नेट कमी पडलं तर चित्र खराब होऊ द्यायचं आणि आवाज वाचवायचा. मी स्वतः अशा कामात होते आणि मला कधी शंकाही आली नाही, कारण बोलणं म्हणजे आवाज, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. इकडे भिवंडीचं नेट ढेपाळलं की काकांचं तोंड चौकोनी ठिपक्यांचं व्हायचं, आणि नको असलेले आवाज, सुनेच्या कुकरच्या शिट्ट्या आणि रस्त्यावरचे हॉर्न, स्वच्छ ऐकू यायचे. अण्णा हात झटकून उठायचे. ऐकू न येणाऱ्या, हाताच्या खुणांनी बोलणाऱ्या मुलांच्या घरात हे किती वर्षांपासून चालू असेल! आम्ही कुणी त्यांच्याकडे जाऊन बसलो नव्हतो, एवढंच.

मी त्या दोघांसाठी एक छोटा कॉल बनवला. त्यात आवाज नाहीच. जे काही नेट असेल ते सगळं चित्राला, आणि चित्रातही आधी तोंडाला आणि हातांना. काम अवघड नव्हतं, नुसता नियम उलटा करायचा होता. आता त्यावर कारखान्यातली आणखी काही जुनी माणसं येतात. एक आजी अक्कलकोटहून येतात, त्यांना आता कानांनी ऐकू येत नाही. त्या म्हणतात, म्हणजे ओठांनी म्हणतात, की घरात सगळे ओरडून बोलतात आणि हितं तेवढं नीट ऐकू येतंय. दुपारी आमच्या घरात पाच-सहा जणांची गप्पांची मैफल रंगते आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

म्हणून मशीननं माणसं तोडली असं कुणी म्हणालं की मी जिलेबी बाजूला ठेवून हे सांगणार होते. अजून सांगितलेलं नाही. लांबतं फार.

माझ्या त्या बटणांच्या ॲपचं काय झालं, तेही सांगते. ओठांच्या बोलण्यात एक अडचण असते, समोरच्याचं लक्ष नसेल तर हाक मारता येत नाही. कारखान्यात त्यासाठी सूत संपलेली लाकडी कांडी फेकून मारायचे म्हणे. घरात अण्णा चमचा आपटायचे. मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुमचा एक जुना मेसेज आहे माझ्याकडे. त्यातली हाक काढून फोनवर ठेवू का? नको असेल तर नको." माणसाचा आवाज त्याला न विचारता वापरू नये, हे माझं दुसरं पक्कं मत. अण्णांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग ओठ हलले, "ऐकव."

मी तो मेसेज लावला. "ए पोरी, पानी आलंय, ठिवतो." अण्णा फोनकडे बघत राहिले. त्यांनी बोट फिरवून परत लाव म्हणून खूण केली. मी परत लावला. ते माझ्याकडे वळले आणि ओठांनी म्हणाले, "मी असा वराडायचो व्हय?"

"असेच ओरडायचात," मी म्हटलं. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि नाकही पुसलं.

सगळी बटणं मी काढून टाकली. अण्णा 'ठिव' म्हणाले म्हणून एकच ठेवलं, त्या हाकेचं.

परवा सकाळी ऑफिसची मोठी मीटिंग होती. परदेशातले लोक होते, आमचे सगळे साहेब होते, आणि मी पडद्यावर माझं काम समजावून सांगत होते. माझ्या बोलण्याच्या ऐन मध्यात बाहेरून हाक आली, "ए पोरी!" मान आपोआप वर झाली. अण्णा दारात उभे होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बादली, आणि ओठ हलत होते. हातानं काही खूण केली नाही. करायला हात मोकळाच नव्हता.

मी विचारसुद्धा केला नाही. सगळ्या मीटिंगला ऐकू जाईल असं मी मराठीत म्हटलं, "पाणी आलंय, ठेवते," आणि लॅपटॉप बंद करून नळाकडे पळाले.